चार बोटं खाली

गाडीच्या दुकानात आलेला माणूस आधी इंजिनाबद्दल बोलतो. धूर मारते, आवाज करते, अ‍ॅव्हरेज देत नाही. पुढच्या शॉकपबद्दल आपणहून बोलणारी गिऱ्हाइकं मला केशोरीत फार थोडी भेटली. पाइपांवरून तेल ओघळत असतं, खड्ड्यात गाडी खट्टकन आपटते आणि मालक म्हणतो, ‘‘ते तं तसंच आहे जी. तुमी फक्त कार्बोरेटर साफ करून द्या.’’

मी १९९९ साली केशोरीत दुकान टाकलं. गुडघे उकिडवं बसू देईनासे झाले, तेव्हा बंद केलं. त्याआधी काही वर्षं गोंदियात एका उस्तादांच्या हाताखाली काढली होती. पुढचा शॉकप मी तिथं शिकलो आणि पुढं तोच माझा हातखंडा झाला. अर्जुनीहून, नवेगावकडून माणसं ‘कापगते मिस्त्रीकडून शॉकप करून घ्या’ म्हणून यायची. हे लिहिताना अजूनही बरं वाटतं. पण ज्या कामाबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्यात बरं वाटण्यासारखं फार नाही.

ज्यांनी गाडी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन नळ्या दिसतात, त्यांना आम्ही शॉकप म्हणतो. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाइप. आत लांब स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. नुसती स्प्रिंग असती तर तिनं माणसाला तसंच वर फेकलं असतं. म्हणून आत एक बारीक भोकं असलेली दांडी असते. तेल त्या भोकांतून अडत अडत जातं आणि स्प्रिंगला आवरतं. आम्ही जातीनं कोहळी. आमच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधले. पाणी किती उंचीवर अडवायचं आणि कोणत्या तोंडातून किती सोडायचं, हेच त्यांचं काम. मी तेच काम पेलाभर तेलावर केलं. दोन्ही पाइप वरच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्यांमध्ये आवळलेले असतात. त्या पट्ट्यांना टी म्हणतात, एक वरची टी आणि एक खालची टी. ही खालची टी ध्यानात ठेवा.

शॉकपच्या कामात गमतीची माणसंही भेटली. एक गुरुजी आपली मिसेस, दोन लेकरं आणि शिध्याची पिशवी एकाच गाडीवर घालून कचारगडच्या यात्रेला गेले. परत आले तेव्हा दोन्ही पाइप विळ्यासारखे मागं वाकलेले. मला म्हणाले, ‘‘मिस्त्री, हे पाइप फिरवून उलटे बसवा ना. पुढच्या साली यात्रेले गेलो का आपोआप सरळ होतील.’’ ते थट्टा करत नव्हते. ‘‘एकदम हार्ड करून द्या’’ म्हणणारे तर कितीतरी. त्यांना वाटायचं, कडक शॉकप म्हणजे मजबूत गाडी. कडक शॉकपची गाडी दगडावरून उड्या मारत जाते, चाक जमीन सोडतं, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागत ना वळण. हे समजावून सांगताना माझी जीभ झिजली.

आता मेश्राम सिस्टरबद्दल.

त्या आमच्या भागातल्या एका उपकेंद्रावर नर्स होत्या. पस्तिशीतल्या, बारीक अंगाच्या, पाच फुटांना दोन बोटं कमी. बोलणं मात्र उंच माणसासारखं. त्यांच्याकडे आठ-नऊ गावं होती, त्यातले चार टोले, म्हणजे लहान वस्त्या, जंगलाला लागून. आधी त्यांच्याकडे मोपेड होती. तिची चाकं लहान, बैलगाडीच्या चाकोरीत शिरली की बाहेर निघायची नाहीत. धानाच्या बांध्यांमधून मोपेड ढकलत नेताना मी त्यांना कित्येकदा पाहिलं होतं, खांद्याला लसीचा डबा अडकवलेला.

कालव्याच्या कामावर बाहेरचा एक सुपरवायझर आला होता. त्याच्याकडे कच्च्या रस्त्याची म्हणून बनवलेली एक स्वस्तातली गाडी होती. उंच, पुढचं चाक मोठं, टायरला खडबडीत गोटे, मडगार्ड चाकापासून वीतभर वर. काम संपल्यावर त्यानं ती विकायला काढली आणि सिस्टरनं घेतली. दिवाळीच्या आसपास त्या ती माझ्या दुकानापर्यंत चालवत आल्या आणि थांबताना पाय टेकेना म्हणून माझ्या पाण्याच्या ड्रमला टेकवून उभी केली.

‘‘मिस्त्री, गाडी चांगली आहे. फक्त पाय नाही पुरत.’’

‘‘सिस्टर, ही गाडी तुमच्या मापाची नाही बनवली कोनी.’’

‘‘माझ्या मापाची कोनती बनवली ते सांगा, तेच घेते.’’

चौकातली चार-सहा माणसं जमली होती. एकानं विचारलं, ‘‘सिस्टर, सर्कशीत जाता का जी?’’ त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, ‘‘खाली करून द्या. कसं करता ते तुमचं तुमी पाहा.’’

गाडी खाली करायची एक सोपी रीत आहे. दोन्ही टी ढिल्या करायच्या, पाइप वर सरकवायचे आणि पुन्हा आवळायच्या. पाइप जितके वर गेले तितकं गाडीचं तोंड खाली येतं. मी चार बोटं वर सरकवले. सीटचा फोम दोन बोटं कापला. अर्ध्या तासाचं काम. सिस्टर बसल्या आणि त्यांच्या चपलांचे पंजे दोन्ही बाजूंनी जमिनीला लागले. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. मी डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून आलो. गाडी झकास चालली.

पाच मिनिटांचं एक काम मी केलं नाही. उस्ताद नेहमी सांगायचे, ‘‘स्प्रिंग निकाल, पूरा दबा, फिर देख कहाँ लगता है.’’ स्प्रिंग काढून चाक अगदी वरपर्यंत दाबून बघायचं. कारण पाइप चार बोटं वर सरकले तर चाकही टीच्या चार बोटं जवळ जातं. मोठ्या धक्क्याला शॉकप पूर्ण बसला तर चाक मडगार्डला लागणार आणि मडगार्ड तुटून चाक खालच्या टीला लागणार. लागलं की फिरतं चाक जागीच अडकणार. शिवाय या गाडीची स्प्रिंग मूळचीच मऊ होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. माणसं बघत होती, टाळी वाजली होती आणि मला ती गाडी पुन्हा उघडायची नव्हती.

दोन महिने काही झालं नाही. सिस्टर सगळ्या टोल्यांवर जाऊ लागल्या. एकदा दुकानासमोर गाडी न थांबवताच ओरडल्या, ‘‘मिस्त्री, चार टोले एका दिवसात!’’ मी हात वर केला.

धान कापून झाले होते. तुमडीटोल्यावरून एक माणूस सकाळीच सायकलनं उपकेंद्रावर आला. सोमा मडावीची बायको फुलवंता हिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, तिचं पहिलंच बाळंतपण होतं आणि दाईला काहीतरी ठीक वाटत नव्हतं. टोल्यावर तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. सिस्टरनं पिशवी गळ्यात अडकवली आणि सायकलवाल्याला मागं टाकून निघाल्या. टोल्याच्या अलीकडे एक नाला आहे. त्याच्या उतारावर पावसाळ्यात हातभर खोल घळ पडली होती. पुढचं चाक त्या घळीत उतरलं आणि सिस्टर हँडलवरून पलीकडे फेकल्या गेल्या. डाव्या गळपट्टीचं हाड मोडलं.

सायकलवाला तिथं पोचेपर्यंत त्या उठून चालायला लागल्या होत्या, पण चार पावलांवर बसल्या. त्यानं टोल्यावर जाऊन बैलगाडी आणली. यात फार वेळ गेला. सिस्टर घरात पोचल्या तेव्हा मूल झालं होतं आणि ते रडलं नव्हतं. मुलगी होती. दाई तिला पालथी धरून पाठ चोळत होती. सिस्टरनं एका हातानं जे करता येईल ते केलं. मुलगी गेली. फुलवंताचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टरनं दाईला इंजेक्शन भरायला सांगितलं, उजव्या हातानं टोचलं, पोट दाबून धरायला लावलं आणि ट्रॅक्टर मिळवून तिला घेऊन दवाखान्यात आल्या. फुलवंता वाचली. त्यानंतर सिस्टरनं आपला हात डॉक्टरला दाखवला.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नंतर गाडी माझ्या दुकानात आली. हँडल वाकलेलं, मडगार्ड मधोमध तुटून वर वळलेलं. मी गाडी स्टँडवर घेतली आणि खाली वाकून पाहिलं. खालच्या टीच्या पोटाला, तळहाताएवढा, काळा रबराचा डाग होता. टायरचे तीन गोटे वरून सपाट घासले गेले होते. आता त्यात शोधण्यासारखं काही राहिलं नव्हतं. चाक टीला लागलं होतं आणि अडकलं होतं.

दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. मी फडकं घासलेटमध्ये बुडवलं आणि तो डाग पुसला. मग पाइप चार बोटं खाली घेतले, होते तसे. नवीन मडगार्ड मागवलं. हे सगळं मी रोजच्या कामासारखं सफाईनं केलं, हेच आज मला सगळ्यात वाईट वाटतं.

पुढचे दोन महिने मी गप्प बसलो. लोक म्हणायचे, नाल्याची घळच तशी आहे. कोणी म्हणायचे, बाईमाणसानं असली गाडी घ्यायचीच कायले. सिस्टरच्या वरचे लोकही तेच म्हणाले, असं कानावर आलं. तुमडीटोल्यावर तर सरळ बोललं जात होतं की सिस्टरला गाडी उडवायची हौस होती, वेळेवर आली असती तर पोर जगली असती. लस टोचायच्या दिवशी तिथल्या बाया लेकरं घेऊन बाहेर येईनात. सिस्टर अंगणवाडीत डबा घेऊन बसून राहायच्या आणि तसाच डबा घेऊन परत यायच्या, कोणाच्या तरी बैलगाडीवर.

एकदा बाजाराच्या दिवशी भेटल्या. खांद्याला पट्टा होता. मी विचारलं, ‘‘कसं आहे जी आता?’’

‘‘हाड जुडून राहिलं,’’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मी पुढचा ब्रेक दाबला असन, मिस्त्री. उतारावर पुढचा दाबायचा नसते ना?’’

‘‘नसते,’’ मी म्हणालो. आणि मान डोलावली.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं. मला जेवण गेलं नाही. तिनं कारण विचारलं, मी पोटाचं सांगितलं.

पट्टा सुटल्यावर सिस्टर एका दुपारी दुकानात आल्या. गाडी कोपऱ्यात पोत्यानं झाकून ठेवली होती. त्यांनी पोतं उचललं नाही. उभ्यानंच म्हणाल्या, ‘‘एखादं गिऱ्हाईक पाहा हिच्यासाठी. माझ्या हातची गाडी नाही ही. लोक बरोबर सांगत होते.’’

मी पाना हातात धरून बसलो होतो. ही बाई कधी असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. चौकातल्या टवाळांना जिनं ढुंकून पाहिलं नाही, ती आता त्यांचंच बोलणं बोलत होती. आणि त्यातला शब्द न् शब्द मला खोटा माहीत होता.

‘‘सिस्टर,’’ मी म्हणालो, ‘‘गाडी तुमच्या हातची आहे. चूक माझ्या हातची आहे.’’

त्यांना वाटलं मी समजूत घालतो आहे. मी उठलो, पोतं काढलं, खाली बसलो आणि टीला हात लावून सगळं सांगितलं. पाइप किती सरकवले, काय दाबून बघायचं राहिलं, चाक कुठं लागलं. त्याही खाली वाकल्या.

‘‘डाग कुठं आहे?’’

‘‘पुसला.’’

‘‘कवा?’’

‘‘गाडी आली त्याच दिवशी. घासलेटच्या फडक्यानं.’’

त्यांनी त्या स्वच्छ टीवर अंगठा घासून पाहिला. मग सरळ उभ्या झाल्या. ‘‘दोन महिने झाले, मिस्त्री. दोन महिने मी मनात रोज तो नाला उतरून राहिली. कुठं चुकली, कुठं चुकली. तुमी बाजारात भेटले. मी तुमाले इचारलं. तवाच काऊन नाही सांगतलं?’’

‘‘भेव वाटलं,’’ एवढंच म्हणालो.

‘‘मले बी वाटलं होतं. हात तुटला होता तरी चालत गेली ना मी?’’

त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, ‘‘गाडी विकू नका. अन् मी सांगतपर्यंत तिले हात बी लावू नका.’’

आठ-दहा दिवस त्या आल्या नाहीत. मी त्यांची वाट बघत होतो की येऊ नयेत असं मनात म्हणत होतो, सांगता येत नाही. मग एका रविवारी आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘कुठंच न लागता ही गाडी किती खाली होते, ते मले दाखवा. पुरं दाखवा.’’

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर शॉकप शेवटपर्यंत उघडला. दोन्ही स्प्रिंगा बाहेर काढल्या, पाइप जुन्या जागी आवळले आणि चाक वर उचलून पूर्ण दाबलं. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा राहिली. ‘‘ही कंपनीची जागा,’’ मी म्हणालो. ‘‘ही जागा मी मारली होती.’’ मग पाइप चार बोटं वर घेऊन पुन्हा दाबलं. टायर मडगार्डला टेकलं. त्यांनी स्वतः चाक धरून फिरवून पाहिलं. फिरेना.

दुसरी रीत होती, आणि ती मला तेव्हाही येत होती. पाइप वर सरकवायचे नाहीत. शॉकपच्या आत, भोकांच्या दांडीवर एक नळीचा तुकडा चढवायचा. त्यामुळे शॉकप पूर्ण लांब होऊच शकत नाही, म्हणून गाडी खाली राहते. पण दबताना तो जिथं आधी थांबत होता तिथंच थांबतो, त्यामुळे चाकाची वरची जागा शाबूत राहते. मी अर्जुनीच्या लेथवरून दोन तुकडे अगदी सारख्या मापाचे बनवून आणले. आता आत जागा कमी झाली, म्हणून स्प्रिंगही तेवढीच कापावी लागली. कापलेली स्प्रिंग जरा कडक होते. या गाडीला ते हवंच होतं.

मग तेल. दोन्ही बाजूंना सारखं, नाहीतर गाडी एका अंगानं दबते. पातळी मी पाइपात पट्टी घालून मोजली, सिस्टरनं दुसऱ्यांदा मोजली. सुरुवातीला मी जाड तेल घातलं. इतका घाबरलो होतो की शॉकप कधी तळाला जाऊच नये असं वाटत होतं. गाडी घेऊन नाल्याच्या वाटेला गेलो तर पुढचं चाक लहान लहान दगडांवरून टणटण उडायला लागलं. मनगटं बधिर झाली. ज्या चुकीबद्दल मी लोकांना समजावत आलो होतो तीच मी केली होती. परत आलो, तेल काढलं, पातळ केलं, पुन्हा गेलो. टाकीवर सिस्टरच्या पिशवीएवढं वजन बांधलं.

शॉकप किती दबला हे कळायला पाइपावर एक सुतळी बांधायची, सरकेल इतपतच घट्ट. शॉकप जितका दबतो तितकी ती वर सरकते आणि तिथंच राहते. कितीवर गेली हे नंतर आरामात पाहता येतं. तिसऱ्या वेळी मी त्याच घळीत गाडी घातली, मुद्दाम, थोड्या वेगानं. गाडी खाली गेली, तेलानं धरली, आणि शांतपणे वर आली. उतरून पाहिलं. सुतळी शेवटाच्या एक बोट आधी थांबली होती. हेच काम दिवाळीच्या वेळी दोन दिवसांत झालं असतं.

सिस्टरला सुतळी दाखवली. त्यांनी ती खाली सरकवून ठेवली आणि स्वतः गाडी घेऊन गेल्या. मी दुकानाच्या दारात उभा. परत आल्यावर आधी उतरून त्यांनी पाइप पाहिला, मग मला बोलावलं.

‘‘दीड बोट बाकी आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘तुमचं वजन माझ्याहून कमी.’’

‘‘हो.’’ त्यांनी हातमोजे काढले. ‘‘आता माझ्यासंग तुमडीटोल्याले चला. जे मले सांगतलं, तेच तिथं सांगा. डाग पुसल्याचं बी.’’

ती गाडी सिस्टरनं पुढं बदली होईपर्यंत चालवली. दर पावसाळ्याआधी तेल बदलायला यायच्या आणि मी पातळी मोजत असताना बाजूला उभ्या राहायच्या. आम्ही कधी पूर्वीसारखे बोललो नाही. कामापुरतं बोलायचो. मला त्याबद्दल तक्रार नाही. त्या कामानंतर मी जितके शॉकप उघडले त्या प्रत्येकाची स्प्रिंग काढून चाक दाबून पाहिलं, गिऱ्हाईक घाई करत असलं तरी. पण हा काही मोठेपणा नाही. उस्तादांनी ते आधीच शिकवलं होतं.

तर त्यांनी सांगितल्यावर तुमडीटोल्याला आम्ही दोन गाड्यांवर गेलो, सिस्टर खांद्याला लसीचा डबा अडकवून पुढं आणि मी माझ्या जुन्या गाडीवर मागं. मोहफुलं पडायचे दिवस होते. सोमा मडावीच्या अंगणात फुलं वाळत घातली होती आणि फुलवंता बसून ती हातानं पसरवत होती. सोमा दोरी वळत होता. सिस्टरला पाहून दोघांनी मान खाली घातली. कोणी या म्हटलं नाही. शेजारच्या घरांतून तीन-चार बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

सिस्टर गाडीजवळच थांबल्या. ‘‘हे केशोरीचे मिस्त्री,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यायले काही सांगायचं आहे.’’

वाटेत मी बरंच ठरवलं होतं. तिथं त्यातलं काही आठवलं नाही. मी खाली बसलो, टीला हात लावला आणि सांगितलं की सिस्टर पडल्या त्या त्यांच्या चुकीनं पडल्या नाहीत. गाडी मी खाली केली होती. बघायचं होतं ते बघितलं नाही. चाक इथं येऊन अडकलं. इथं डाग होता. तो मी पुसला, कोणाला दिसू नये म्हणून. अन् दोन महिने कोणाला सांगितलं नाही.

फुलवंता उठून गाडीजवळ आली. वीस वर्षांची असेल. तिनं मी दाखवलेल्या जागेवर बोट ठेवलं, मग टायरवर ठेवलं.

‘‘हे इथं लागलं?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मंग त्या वक्ती बाई येऊन राहिली होती ना? थांबली नोती ना कुठं?’’

‘‘नाही. सायकलवाल्याले मागं टाकून आली.’’

तिनं सोमाकडे पाहिलं. ‘‘अन् आमी हिलेच बोल लावला,’’ ती म्हणाली. सोमाचा दोरी वळणारा हात थांबला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

फुलवंता सिस्टरजवळ गेली. सिस्टरच्या ओढणीखाली डाव्या गळपट्टीवर हाड जुळताना गाठ राहिली होती, ती वरूनही जाणवत असे. फुलवंतानं तिच्यावर हात ठेवला.

‘‘दुखते का जी अजून?’’

‘‘थंडीत दुखते,’’ सिस्टर म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. फुलवंता त्यांना धरून घरात घेऊन गेली. मागोमाग त्या उभ्या असलेल्या बायाही गेल्या. कोणीतरी आतून दार लोटून घेतलं.

अंगणात मी आणि सोमा राहिलो. त्यानं मला मारलं असतं तर मी हात वर केला नसता. सिस्टर वेळेवर आल्या असत्या तर त्याची मुलगी वाचली असती का, हे मला माहीत नाही. सिस्टरलाही माहीत नव्हतं, मी एकदा विचारलं होतं. ते कोणालाच कधी कळणार नाही.

सोमानं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘गाडी उन्हात आहे सिस्टरची. सावलीत लावा.’’

मी गाडी ढकलत मोहाच्या झाडाखाली नेली आणि तिथंच उभा राहिलो. सिस्टर बाहेर यायला पुष्कळ वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मागं दोन बाया कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या, आणि सिस्टर लसीचा डबा उघडत होत्या.